हौसाचा हॉर्न

आधीच सांगून ठेवते, मी घाबरणाऱ्यांतली नाही. इथे बरेच जण "आधी माझा विश्वास नव्हता, पण आता..." असं लिहितात. माझा आधीही नव्हता आणि आताही नाही. तरी लिहायला बसलेय, कारण एक गोष्ट मला सुटत नाहीये, आणि न सुटलेली गोष्ट तशीच सोडून द्यायची मला सवय नाही. ज्यांना सुटेल त्यांनी जरूर सांगा. पण पूर्ण वाचून मग सांगा. अर्धं वाचून "शॉर्ट सर्किट असेल ताई" असं लिहिणाऱ्यांना मी उत्तर देणार नाही.

थोडी ओळख. मी महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. म्हणजे प्लांटमधलं प्रेशर, टेम्परेचर, लेव्हल मोजणारी जी यंत्रं असतात ती खरं सांगतायत की नाही हे तपासायचं माझं काम. राहते आई-बाबांसोबत. महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नाते गाव यायच्या थोडं अलीकडे आमची वाडी आहे. मी एकुलती एक. लग्न केलेलं नाही, त्यावर कमेंट नकोत.

आमच्या प्लांटमध्ये सगळ्या मशीन्सना माणसं करून ठेवलंय. ऑपरेटर येऊन सांगणार, "मॅडम, तीन नंबरचा पंप सकाळपासून रुसलाय." मी म्हणणार, "पंप रुसत नाही, त्याचा सील गळतोय." दुसरा येणार, "बॉयलर आज लय खातोय हो." मग मी त्याला बॉयलर का खात नाही ते समजावत बसणार. माझं ठाम मत आहे — दोन गोल आणि खाली एक आडवी रेघ दिसली की आपल्या डोक्याला लगेच चेहरा दिसतो. कुत्र्याने मान वाकडी केली की त्याला आपलं बोलणं कळलं असं वाटतं. तो दोष आपल्या डोक्याचा. कुत्र्याचा नाही आणि पंपाचा तर मुळीच नाही. हे मी नव्या ट्रेनींना पहिल्याच दिवशी सांगते. ते माझ्यामागे मला "पंपाची मास्तरीण" म्हणतात, तेही मला माहीत आहे.

आणि ही पंपाची मास्तरीण राहते कुठे? तर हौसाच्या घरी.

हौसा म्हणजे आमच्या बाबांची मिनीडोर. रायगड जिल्ह्याबाहेरच्यांसाठी सांगते, मिनीडोर म्हणजे तीन चाकांची मोठी रिक्षा. कागदावर सहा माणसं बसतात, प्रत्यक्षात किती बसतात ते विचारू नका. बाबांनी वीसेक वर्षं ह्या रस्त्यावर मिनीडोर चालवली, आणि त्यातली बरीचशी वर्षं हीच. हिचं नाव हौसा त्यांनीच ठेवलं. सकाळी अंगणात जाऊन फडका मारताना पहिलं वाक्य ठरलेलं.

"उठलीस काय गो हौसा? थंडी वाजली रात्री?"

आतून आईचा आवाज यायचा, "मला कधी इचारलंत काय हो, थंडी वाजली का म्हणून?"

"तुला गोधडी हाय. तिला काय हाय?"

हा संवाद मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलाय की तो झाला नाही तर सकाळ झाल्यासारखं वाटायचं नाही. बाबा घाटीवर चढताना तिला "चल गो बाय, हे एवढंच" म्हणायचे. उतरून आल्यावर बोनेटवर थाप मारून "दमलीस" म्हणायचे. पॅसेंजर हसायचे, पण तेही तिला हौसाच म्हणायचे. "हौसा गेली काय?" असं विचारत बायका रस्त्यावर उभ्या असायच्या.

आता हॉर्नबद्दल नीट सांगते, कारण सगळं त्याच्यावर आहे. दुपारची फेरी संपवून बाबा घरी चहाला यायचे. वाडीच्या खाली रस्त्याला एक वळण आहे. तिथे आले की हॉर्न द्यायचे — दोन छोटे, एक लांब. तो ऐकला की आई असेल तिथून उठून चहा टाकायची. बाबा दारात चप्पल काढेपर्यंत चहा उकळलेला. हॉर्नचा आवाजही बाकीच्या गाड्यांसारखा नव्हता. बसका, घसा धरलेल्या माणसाचा असतो तसा. डोळे मिटून ओळखावा.

दुसरी गोष्ट. गाडीसमोर तिला विकायची भाषा काढायची नाही, हा आमच्याकडच्या ड्रायव्हर लोकांचा नियमच आहे. गाडी ऐकते म्हणतात, मग मन मोडतं आणि काहीतरी बिघडून बसते. महाडच्या स्टँडवर चांगले शिकलेले लोकही गाडीचा व्यवहार चहाच्या टपरीवर जाऊन करतात, गाडीत बसून नाही. माझ्या आईचं माहेर पोलादपूरच्या वरच्या डोंगरातलं. तिथे बैल-म्हशींच्या बाबतीत हेच. गोठ्यात उभं राहून सौदा करायचा नाही. आणि जनावर दिलं तरी त्याच्या गळ्यातलं दावं द्यायचं नाही, ते आपल्या घरात खुंटीला ठेवायचं. आमच्या घरात तर "विकणे" हा शब्दच नव्हता. हौसाला "सासरी पाठवायची" म्हणायचं. मी म्हणायचे, लोखंडाला कान कुठून आले? बाबा म्हणायचे, "तुला तरी कुठे हायत? किती वेळा सांगतो, ऐकतेस काय?"

तर, बाबांना साखर. बरीच वर्षं आहे, आणि तिने हळूहळू डोळ्यांचे पडदे खाल्ले. गेल्या पावसाळ्याआधी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गाडी बंद. बाबांनी मान डोलावली. घरी येऊन हौसाला अंगणात गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेला लावली, चाकाला दगड लावला आणि माझ्या हातात किल्ली दिली. मला वाटलं, चला, शहाण्यासारखं ऐकलं.

पण माणूस कमी कमी होत गेला. बोलेनात. जेवणात लक्ष नाही. संध्याकाळी जाऊन ड्रायव्हर सीटवर बसायचे, नुसतेच. आई म्हणायची, "ऱ्हाऊ दे गो, बसू दे त्यांना."

मग दसऱ्याच्या आधी एका सकाळी मी कामावर गेल्यावर त्यांनी दुसरी किल्ली काढली. आहे हेच मला माहीत नव्हतं. हौसाला घेऊन रस्त्याला लागले. शाळेत जाणाऱ्या मुलींचा घोळका होता कडेने. बाबांना दिसलाच नाही. गाडी एका मुलीच्या दप्तराला टेकून थांबली. दप्तराला! मला कामावर फोन आला. सुट्टी टाकून घरी आले. बाबा पडवीत बसलेले, तोंड पांढरंफटक.

"मी नाय थांबवली गो," म्हणाले. "मला कळलंच नाय. ती थांबली."

"ती नाही थांबली बाबा! तुमच्या पायाला सवय आहे म्हणून ब्रेक लागला! उद्या नाही लागला तर?"

त्याच दिवशी मी ठरवलं. बाबांना वाचवायचं असेल तर हौसा घरात नको. त्यांना, आणि रस्त्यावरच्या पोरींनाही. एवढंच माझ्यापुढे होतं, बाकी कान, मन, सासर काही नाही.

गिऱ्हाईकही मिळालं. नाते गावातला संतोष. मुंबईत कुठेतरी गाडी चालवून कंटाळून परत आला होता, लहानपणी हौसातूनच शाळेत गेलेला. बाबा म्हणाले, दसरा होऊ दे, तिची पूजा होऊ दे, मग बघू. दसरा झाला. झेंडूचा हार घातला, नारळ फुटला. त्यानंतरच्या शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघं मागच्या दारी, न्हाणीजवळ उभे राहून कुजबुजत होतो. कुजबुजत! का, तर पुढच्या अंगणात हौसाला ऐकू जाईल. बाबा पुन्हा "दिवाळी होऊ दे" वर आले आणि माझं डोकं सटकलं. तरातरा पुढे गेले, हौसाच्या समोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले,

"ऐक गो हौसा! तुला विकणार आहोत! वि-क-णार! संतोष उद्या येणार आहे न्यायला. काय बिघडायचंय ते बिघडून घे!"

शेजारच्या सुमनकाकी धुणं काढत होत्या. त्यांच्या हातातून चिमटा पडला. आई "अगो बये" म्हणून तोंडाला पदर लावून उभी. बाबा आत गेले. रात्री जेवले नाहीत.

मला वाईट वाटलं का? बाबांसाठी वाटलं. हौसासाठी नाही. आणि तेव्हा बोलले ते रागाने कमी आणि भीतीने जास्त बोलले, हे मला माहीत होतं.

रविवारी सकाळी संतोष आला. किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. तेही नंतर बंद.

आईने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. मी म्हटलं, इतके दिवस गाडी उभी आहे, बॅटरी उतरणारच, त्यात काय एवढं! दिलावरभाईंना फोन केला. दिलावरभाई म्हणजे महाडचे मेकॅनिक, हौसाचे फॅमिली डॉक्टर म्हणा. ते आले, बघितलं, म्हणाले बॅटरी पार झोपलीय, दुकानात नेऊन चार्जिंगला लावावी लागेल. बॅटरी काढली, स्कूटीवर पायांत ठेवली आणि गेले. संतोष म्हणाला, "टेन्शन नाय, उद्या येतो." गेला.

हे नीट लक्षात ठेवा. सकाळीच बॅटरी गाडीतून निघाली, माझ्या डोळ्यांदेखत.

दुपारी मी आणि आई खालच्या वावरात भात कापायला गेलो. घराच्या मागून उतार आहे, त्याच्या पायथ्याशी आमचा तुकडा. सुमनकाकी बांधापलीकडे त्यांच्या शेतात. अख्खी वाडी शेतात होती, भात पडायला आलेलं, ढग भरून येत होते, सगळ्यांची घाई. संध्याकाळपर्यंत वर यायचं नाही असंच ठरवून उतरलो होतो. बाबा पडवीत खाटेवर पडले होते. आईने विचारलं, "जेवलाव ना?" त्यांनी हो म्हटलं. ते खोटं होतं. साखरेची गोळी घेतली होती, जेवले नव्हते.

चार पेंढ्या बांधून झाल्या असतील-नसतील... वरून हॉर्न आला.

दोन छोटे, एक लांब.

आई उठली. विळा बांधावर ठेवला, पदराला हात पुसले आणि "आले बाय, चहा टाकते" म्हणत उताराला लागली. मीही मान वर केली नाही. इतकी सवय! बांधापलीकडून सुमनकाकी म्हणाल्या, "आज लवकरशे आले गो तुझे बाबा?" आणि मग त्यांचाच आवाज चाचरला. "...अगो वैशाली, पण ते गाडी चालवत नाय ना आता?"

आई उतारावर थांबली. तिने वळून माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. मला आठवतंय, माझ्या मनात पहिलं काय आलं ते — कोणीतरी कार्टं आमच्या गाडीशी खेळतंय. बॅटरी नाही हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. मी रागाने वर धावले. आईच्या पुढे गेले.

अंगणात कोणी नव्हतं. खाट रिकामी.

"बाबा?" उत्तर नाही. हौसाच्या पलीकडून गेले तर गाडी आणि गडगा यांच्या मधल्या अरुंद जागेत बाबा पडलेले. बादली कलंडलेली, हातात ओला फडका तसाच. सासरी जायच्या आधी तिला एकदा धुवायची होती त्यांना. अंग घामाने चिंब आणि बर्फासारखं गार. डोळे अर्धवट उघडे, पण मी दिसत नव्हते त्यांना. काहीतरी पुटपुटत होते, शब्द नव्हता.

साखर उतरली, हे मला कळलं. आई किंचाळली, मी तिच्यावर ओरडले, "साखर आण, रड नंतर!" बोटाने ओठांच्या आतून साखर चोळली, पुन्हा चोळली. गिळायला लागल्यावर थोडं थोडं साखरपाणी. सुमनकाकी रस्त्यावर जाऊन आडव्या उभ्या राहिल्या आणि गडावरून उतरणाऱ्या कोणाची तरी गाडी थांबवली. त्यात घालून महाडला नेलं. माझ्या मांडीवर डोकं होतं त्यांचं. मी सबंध रस्ताभर त्यांना शिव्या देत होते. खोटं का बोललात, जेवला का नाहीत, गाडी धुवायला कोणी सांगितलं होतं. शिव्या देत होते आणि रडत होते.

वाचले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. संध्याकाळी आणलं असतं तर काही उपयोग नव्हता, असंही म्हणाले. आई दवाखान्याच्या बाकावर बसून एकच वाक्य घोकत होती, "मी चहा टाकायला निघाले गो... मी चहा टाकायला निघाले."

तेव्हा मला बॅटरी आठवली.

दिलावरभाईंना फोन लावला. "भाई, हौसाची बॅटरी कुठे आहे?"

"माझ्या समोर. चार्जिंगला."

"नक्की?"

"अरे वैशाली, मी काय तिला रायगड बघायला पाठवणार हाय? समोर ठेवलीय, काय झालं?"

मी काही नाही म्हणून फोन ठेवला.

आता तुम्ही जे जे म्हणाल ते मी आधीच म्हणून झालेय. रस्त्यावरून दुसरी मिनीडोर गेली असेल? दुसऱ्या दिवशी स्टँडवर जाऊन विचारलं. रविवार, एमआयडीसीची शिफ्ट नाही, त्या वेळी ह्या बाजूला कोणी नव्हतं. शिवाय रस्ता आमच्या घराच्या एका अंगाला आणि आवाज आला अंगणातून. तिघींनाही तो तिकडूनच ऐकू आला. भास? तिघींना एकदम, त्यातल्या एकीला बांधापलीकडे? बाबांनी पडताना बटण दाबलं? बॅटरी नसताना बटण दाबून काय वाजतं? कोणी मस्करी केली? ज्याला बाबा दिसले तो "माणूस पडलाय" म्हणून ओरडेल की दोन छोटे, एक लांब वाजवत बसेल?

तिसऱ्या दिवशी बाबांना घरी आणलं. अशक्त होते, पण नजर जागेवर आलेली. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. आईनेच सांगून टाकलं. बाबा ऐकत राहिले, मग म्हणाले,

"हॉर्न? हॉर्न कसा वाजेल? मी तार तोडलीय त्याची."

"कधी?"

"झाले की महिने. गाडी बंद केल्यावर मी जाऊन बसायचो ना तिच्यात संध्याकाळचा... हात जायचा आपोआप. तू घरी यायच्या आधी वाजायचा. मग ही चहा टाकायची," आईकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि चुलीपुढे बसून रडायची. मला कळायचं. म्हणून एक दिवस पक्कड घेतली आणि तोडली."

आई उठून आत गेली.

मी अंगणात गेले, खाली वाकून बघितलं. खरंच. दोन्ही तारा तोडलेल्या, टोकांना बाबांनी काळी टेप गुंडाळलेली, त्यावर धूळ बसलेली. टेपला कोणी हात लावलेला नव्हता. मी त्या धुळीकडे बराच वेळ बघत बसले.

इथपासून आमच्या घरात उलटंच चक्र सुरू झालं. मी म्हटलं, राहू दे, नको विकायला. किल्ल्या मी कामावर घेऊन जाईन, पण गाडी राहू दे. आणि बाबा म्हणाले, नाही.

"आता जाऊ दे तिला," म्हणाले. "चालतं जनावर असं बांधून घालू नये. पाय आखडतात. मीच धरून ठेवली होती. तिने मला उठवलं ना, बस झालं."

"बाबा, गाडीला पाय नसतात," मी सवयीने म्हणाले. पण माझा आवाज नेहमीसारखा निघाला नाही.

"बरं, चाकं," बाबा म्हणाले, आणि कित्येक महिन्यांनी हसले.

दिलावरभाईंनी बॅटरी आणून लावली. हौसा एका किल्लीत सुरू झाली. संतोष आला तेव्हा आईने तिला हळदकुंकू लावलं आणि ड्रायव्हर सीटवर ब्लाऊजपीस, तांदूळ, नारळ ठेवून ओटी भरली. जिला वर्षानुवर्षं सवत म्हणत आली, तिची. बाबांनी संतोषचा हात धरून बोनेटवर ठेवला आणि हौसाला म्हणाले, "हा तुझा आता. पोर चांगलं हाय. घाई करतं थोडं, तू सांभाळ." संतोष मुंबईत राहून आलेला, कानात ते इअरफोन. त्याने काढून खिशात घातले.

मग आई म्हणाली, "दावं नाय द्यायचं हां."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. गाडीचं दावं कुठलं? बाबांनी क्षणभर विचार केला, पाना घेतला आणि चाचपडत हॉर्न खोलून काढला. "हे ठेवतो. तू नवीन लाव रे. पण खालच्या वळणावर दोन छोटे, एक लांब द्यायचा. बाकी मुलखात काय पण वाजव." संतोष हो म्हणाला.

हौसा उतारावरून गेली. मी बघत उभी राहिले नाही, आत गेले. मला रडायला आलं होतं आणि एका मिनीडोरसाठी रडताना आईने मला बघितलं असतं तर जन्मभर ऐकवलं असतं.

आता शेवटचं. हॉर्न पडवीत खुंटीला होता. एक दिवस मी तो डब्याच्या पिशवीत घातला आणि कंपनीत नेला. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावर घेतला, मल्टीमीटर लावला. कॉइल ओपन. म्हणजे आतली तार तुटलेली, करंट जाणारच नाही. हॉर्न खोलला. कॉइल आतून जळून काळी पडलेली, वार्निशचा जळका वास अजून येत होता.

घरी आल्यावर बाबांना विचारलं, तार तोडली तेव्हा हॉर्न चांगला होता का?

"ठणठणीत. म्हणून तर तार तोडली."

आता मी माझं शिक्षण, माझा अनुभव सगळं पणाला लावून सांगते. कॉइल आपोआप जळत नाही. तिच्यातून भरपूर करंट जावा लागतो. तारा तोडल्यानंतर त्या हॉर्नमध्ये करंट जायला रस्ता नव्हता, आणि त्या दुपारी तर गाडीत करंटच नव्हता. तरी तो जळलाय. आणि मीटर खोटं बोलत नाही... बघा, मीही मीटरला माणूस केलंच. पण खरंच बोलत नाही. मी स्वतः कॅलिब्रेट केलेला आहे. माझ्याकडे ह्याचं उत्तर नाही. कारण असणार, असलंच पाहिजे, ते मला माहीत नाही एवढंच. ज्याला माहीत असेल त्याने लिहा, हॉर्न आमच्या पडवीत आहे, येऊन बघा.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी हे सगळं मी बाबांना समजावून सांगितलं. कॉइल, करंट, ओपन सर्किट. ते पडवीत बसून शांतपणे ऐकत होते. तेवढ्यात खालच्या वळणावरून नवा, करकरीत हॉर्न आला. दोन छोटे, एक लांब. संतोषची दुपारची फेरी. आत भांडं वाजलं, आईने चहा टाकला.

"मग, काय म्हणाला तुझा मीटर?" बाबांनी विचारलं.

"काही नाही म्हणाला."

"त्याला कशाला सांगेल ती?" बाबा म्हणाले. "ज्याला हाक मारायची त्याला मारली. जा, चहा घेऊन ये."